गुजरीतला रंधा : जुनी हत्यारे आणि कारागिराचा इतिहास

बंगळुरूच्या चिकपेट भागात, बी. व्ही. के. अय्यंगार रस्त्याच्या आसपास, रविवारी पहाटेपासून जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. रस्त्याकडेला अंथरलेल्या ताडपत्रीवर बंद घड्याळे, चार्जर आणि जुने बूट मांडलेले असतात आणि त्यांच्या शेजारी गंजलेले पाने, कानशी, पटाश्या यांचा ढीग असतो. पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईतील मटन स्ट्रीटचा चोर बाजार पाहिलेल्याला हे दृश्य ओळखीचे वाटेल. कन्नडमध्ये भंगारमालाला ‘गुजरी’ म्हणतात. मराठीतही गुजरी आहे, पण ती बाजाराची, आणि कोल्हापूरची गुजरी तर सराफांची. शब्द एकच, पण कोल्हापुरात त्याचा अर्थ सोने आणि बंगळुरूत भंगार.

या ढिगाकडे तीन प्रकारचे गिऱ्हाईक येते. एकाला रोजच्या कामासाठी स्वस्त हत्यार हवे असते. दुसरा वजनावर लोखंड घेऊन ते वितळवायला पाठवतो. तिसरा गेल्या काही वर्षांत वाढलेला दिसतो. तो जुना रंधा किंवा पटाशी निवडून घरी नेतो, गंज काढतो, धार लावतो, मूठ बदलतो आणि संग्रहात ठेवतो किंवा वापरतो. या पाठात आपण या तिसऱ्या गिऱ्हाइकाचा विचार इतिहासाच्या अंगाने करणार आहोत. जुने हत्यार हे इतिहासाचे साधन कसे ठरते आणि ते दुरुस्त करताना त्यातला कोणता पुरावा वाचतो, कोणता पुसला जातो, हे दोन प्रश्न येथे महत्त्वाचे आहेत.

कागद मागे न ठेवणारी माणसे

राजे, सरदार, सावकार, कंपनी सरकार यांनी कागद ठेवले. सुतार, लोहार, फिटर, कासार यांनी सहसा ठेवले नाहीत. त्यांच्याविषयी जे लिहिलेले सापडते ते दुसऱ्याच कोणीतरी आणि बहुधा कराच्या, जनगणनेच्या किंवा वादाच्या निमित्ताने लिहिलेले असते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये, विशेषतः १८८५ साली निघालेल्या पुणे जिल्ह्याच्या खंडांत, कारागीर जातींची माहिती देताना त्यांच्या हत्यारांची नावे दिली आहेत. ही नोंद मोलाची आहे. पण हत्यार कसे धरत, किती वर्षे चालवत, मोडल्यावर काय करत, हे अधिकाऱ्याच्या यादीतून कळत नाही.

हत्यारातून मात्र ते कळू शकते. पटाशीच्या मुठीचे डोके चिरफळून फुलले असेल तर तिच्यावर लाकडी मोगरीऐवजी लोखंडी हातोडी पडत असावी. रंध्याच्या मुठीवर अंगठ्याचा खळगा नेहमीपेक्षा उलट बाजूला असेल, तर माणूस डावखुरा असण्याची शक्यता आहे. पाते नव्याच्या निम्म्यावर आले असेल तर ते वर्षानुवर्षे निसण्यावर घासले गेले आहे.

एक उदाहरण विशेष लक्षात ठेवावे. झिजलेली कानस आपल्याकडे कोणी टाकून देत नाही. तिचे पोलाद चांगले असते, म्हणून लोहार ती भट्टीत घालून तिची पटाशी, सुरी, रापी किंवा खरवडणी घडवतो. अशा हत्याराच्या पाठीवर कानशीच्या दातांची बारीक जाळी राहून जाते. ती जाळी म्हणजे त्या वस्तूचे मागच्या जन्माचे चिन्ह. कारखान्यातले पोलाद गावच्या लोहाराच्या ऐरणीवर कसे पोहोचले, याचा इतका उघड पुरावा कुठल्याही दफ्तरात मिळणार नाही. पॉलिश पेपरने दहा मिनिटे घासले की तो नाहीसा होतो.

बंगळुरूतच इतकी हत्यारे का

आजच्या विद्यार्थ्याला बंगळुरू म्हटले की संगणक आठवतो. जुने शहर मात्र हाताच्या कामाचे आहे. सोळाव्या शतकात केंपेगौडाने वसवलेल्या ‘पेटे’त, म्हणजे आपल्या भाषेत पेठेत, कुंभारपेट, अरळेपेट (कापसाची पेठ), बळेपेट (बांगड्यांची पेठ) अशी व्यवसायांवरून पडलेली नावे आजही आहेत. १६३८ मध्ये आदिलशाही फौजेने हे शहर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. शिंपी, भावसार अशा मराठी बोलणाऱ्या कारागीर समाजांची घरे आजही या शहरात आहेत.

१८०९ मध्ये इंग्रजांची छावणी बसली. १८८४ मध्ये कापड गिरणी निघाली, ती पुढे बिन्नी मिल म्हणून प्रसिद्ध झाली. पण हत्यारांच्या दृष्टीने खरा बदल विसाव्या शतकातला. २३ डिसेंबर १९४० रोजी, सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने आणि म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीने हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, तो कारखाना अमेरिकी हवाई दलाच्या ताब्यात गेला आणि तेथे विमाने दुरुस्त होऊ लागली. १९४१ मध्ये म्हैसूर किर्लोस्कर हा लेथ बनवणारा कारखाना हरिहरला निघाला, १९४६ मध्ये किर्लोस्कर इलेक्ट्रिक बंगळुरूला. बेळगावात सायकली विकत आणि पुढे नांगर बनवत सुरुवात केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या घराण्याची ही दक्षिणेकडची शाखा. त्यापाठोपाठ १९४८ मध्ये इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, १९५३ मध्ये स्वित्झर्लंडच्या ऑर्लिकॉन कंपनीच्या सहकार्याने हिंदुस्तान मशीन टूल्स म्हणजे एचएमटी आणि १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स आले.

या कारखान्यांना हजारो फिटर, टर्नर, साचेकार लागले. शिकाऊ फिटरचे पहिले काही महिने लोखंडाचा ठोकळा कानशीने सपाट आणि काटकोनात करण्यात जातात. गुण्या लावून उजेडाकडे धरला की फट दिसू नये, ही परीक्षा. आयटीआयमध्ये शिकलेल्या कोणालाही हे सांगायला नको. मोठ्या कारखान्यात हत्यारे ‘टूल रूम’मधून मिळत. कामगार आपल्या नंबराचा पितळी बिल्ला देई, तो खिळ्यावर टांगला जाई, हत्यार परत आले की बिल्ला परत. याखेरीज पुष्कळांची स्वतःची हत्यारे असत आणि ती ओळखू यावीत म्हणून त्यांवर पंचने आद्याक्षरे ठोकलेली असत. पंचांचे संच बहुधा रोमन लिपीचे, त्यामुळे कन्नड, तमिळ, मराठी, उर्दू बोलणारी माणसे या हत्यारांवर दोन-तीन रोमन अक्षरांपुरतीच उरली आहेत.

पुढे यंत्रे बदलली, संगणकावर चालणारी यंत्रे आली, काही कारखाने आक्रसले, काही बंद झाले. एचएमटीच्या घड्याळ कंपनीला टाळे लावण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. निवृत्त कामगाराच्या घरी हत्यारांची पेटी माळ्यावर राहते, मुले दुसऱ्या कामात जातात, घर बदलताना पेटी भंगारवाल्याकडे जाते. शिवाजीनगर, जॉली मोहल्ला, चिकपेट ही तिची पुढची ठिकाणे. तेथे तिचे सामान वेगळे होते. पेटी एकीकडे, कानशी दुसरीकडे, चांगला पाना तिसऱ्याच गाड्यावर. इतिहासकाराच्या दृष्टीने नुकसान होते ते येथे, गंजाने नव्हे. एका माणसाची दहा हत्यारे एकत्र असतील तर त्यावरून त्याचे काम समजते. ती दहा ठिकाणी पांगली की प्रत्येक हत्यार पोरके होते.

ठसा वाचताना

समजा, गुजरीत लोखंडी रंधा हाती लागला. त्याच्या आतल्या भागात, पाते ज्या बैठकीवर टेकते तिच्या मागे, इंग्रजीत तीन तारखा ओतलेल्या आहेत : २५ मार्च १९०२, १९ ऑगस्ट १९०२, १९ एप्रिल १९१०. या अमेरिकेतील स्टॅनली कंपनीच्या पेटंटच्या तारखा आहेत. लेनर्ड बेली या कारागिराचे रंध्याचे पेटंट स्टॅनलीने १८६९ मध्ये विकत घेतले आणि मळसूत्र फिरवून पाते खालीवर करायची त्याची रीत जगभर पसरली. आता या तारखांवरून काय म्हणता येते? एवढेच की हा सांगाडा एप्रिल १९१० नंतरचा आहे. नाण्यांच्या अभ्यासात आपण हाच नियम लावतो : थरात सापडलेले सर्वांत नवे नाणे थराची अलीकडची नव्हे, तर अलीकडे यायला हरकत नसलेली सीमा सांगते. तो रंधा बंगळुरूत कधी आला हे त्या तारखा सांगत नाहीत. शिवाय पाते, मूठ, स्क्रू हे भाग शंभर वर्षांत बदललेले असू शकतात, म्हणून प्रत्येक भागाची साक्ष वेगळी घ्यावी. ‘रेकॉर्ड’ हे नाव आणि नंबरापूर्वी शून्य (०४, ०५) असेल, तर तो शेफील्डच्या सी. अँड जे. हॅम्प्टन कंपनीचा आणि १९३१ किंवा नंतरचा.

देशाच्या नावाचा ठसाही बोलका असतो. ब्रिटनमध्ये १८८७ साली व्यापारी चिन्हांचा कायदा झाला आणि परदेशी मालावर मूळ देश लिहिणे भाग पडू लागले. जर्मन माल शेफील्डच्या नावाने खपतो, ही तक्रार त्यामागे होती. हिंदुस्थानात तशाच धर्तीचा कायदा १८८९ मध्ये आला. त्यामुळे ‘मेड इन जर्मनी’ असा ठसा साधारण त्यानंतरचा मानता येतो आणि ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर १९४९ ते १९९० या काळातला. ज्या शिक्क्याला पुढे प्रतिष्ठा मिळाली तो सुरुवातीला बदनामीसाठी मारला जात होता, ही गंमत विसरू नये.

जुन्या इंग्लिश पटाश्यांवर आणि रंध्याच्या पात्यांवर ‘कास्ट स्टील’ अशी अक्षरे दिसतात. पुष्कळजण त्याचा अर्थ ओतीव लोखंड, म्हणजे बिडाचा माल, असा करतात आणि हत्यार बाजूला टाकतात. अर्थ नेमका उलटा आहे. मुशीत वितळवून केलेले एकजिनसी पोलाद म्हणजे कास्ट स्टील. शेफील्डजवळ बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात ती पद्धत बसवली. म्हैसूरच्या मुलुखात मुशीतले पोलाद त्याच्याही कितीतरी आधीपासून होत होते. कन्नडमध्ये पोलादाला उक्कू म्हणतात आणि ‘वूट्झ’ हे इंग्रजी नाव त्यावरूनच आले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. जॉर्ज पिअर्सनने १७९५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे या पोलादावर निबंध वाचला. फ्रान्सिस बुकानन १८००-०१ मध्ये म्हैसूर राज्यातून फिरला तेव्हा पोलादाच्या भट्ट्या चालू होत्या आणि त्यांचे वर्णन त्याने लिहून ठेवले. पुढच्या शंभर वर्षांत त्याच मुलुखात शेफील्डचे मुशीतले पोलाद विकायला आले. चिकपेटच्या ताडपत्रीवर पडलेल्या गंजक्या पटाशीवरचे दोन इंग्रजी शब्द या सगळ्या उलाढालीची खूण आहेत.

स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९५७ च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर, आयात अवघड झाली. जालंधर, लुधियाना, नागौर येथे हत्यारांचे कारखाने वाढले. नाशिकला १९६९ मध्ये तापडिया टूल्सने स्वीडिश तंत्राच्या मदतीने उत्पादन सुरू केले. परदेशी ठसा असलेल्या जुन्या हत्याराला कामगारांत जो मान मिळतो, त्याला या काळातील टंचाईही कारण आहे. संग्राहक मात्र अजून शेफील्ड आणि अमेरिका यांच्याच मागे असतात, भारतीय ठशांकडे कोणी वळून पाहत नाही. हे चुकीचे आहे असे मला वाटते. इंग्लंडमध्ये डब्ल्यू. एल. गुडमन यांनी १९६८ साली रंधे बनवणाऱ्यांची नावनिशी प्रसिद्ध केली, ती बरीचशी जुन्या रंध्यांवरचे ठसे जमवूनच. तशी नावनिशी आपल्याकडच्या लहानमोठ्या कारखान्यांची व्हायची आहे आणि तिचे साहित्य रोज वजनावर विकले जात आहे.

गंज काढण्याआधी

आता दुरुस्तीकडे येऊ. अडकलेले स्क्रू रॉकेलमध्ये बुडवून सैल करणे, व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवून गंज सुटा करणे, तारेच्या ब्रशने घासणे, या रूढ रीती. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात हत्यार बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाची पट्टी धन टोकाला जोडून विजेनेही गंज काढतात. पट्टी स्टेनलेस स्टीलची नसावी, कारण क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. जुना रंग कोरडा घासू नये, त्यात शिसे असू शकते. पाते भट्टीत किंवा ग्राइंडरवर निळे पडेपर्यंत तापले तर त्याचे पाणी उतरते, मग कितीही धार लावा, टिकत नाही.

हे सगळे कारागिरीचे झाले. इतिहासाचा प्रश्न असा की हत्यार कोणत्या काळापर्यंत मागे न्यायचे? शेफील्डच्या पटाशीला बाभळीची घरगुती मूठ आणि पाइपाच्या तुकड्याचे कडे बसवलेले असते. हौशी संग्राहक ती मूठ काढून कॅटलॉगमधल्यासारखी नवी बसवतो आणि ‘मूळ रूप परत आणले’ म्हणतो. त्याने आणलेले रूप शेफील्डच्या दुकानातले आहे. बंगळुरूतल्या एखाद्या सुताराने ती पटाशी ज्या रूपात आयुष्यभर चालवली, ते रूप त्याने कचऱ्यात टाकले. इमारतींच्या जतनासाठी १९६४ मध्ये झालेल्या व्हेनिस सनदेने सांगितले होते की वास्तूवर सर्व काळांनी घातलेली योग्य भर जपावी, केवळ पहिले रूप शोधू नये. पाच इंची पटाशीलाही तो नियम लावायला काय हरकत आहे?

मळाबाबतही हेच. कर्नाटकात महानवमीला आयुधपूजा होते, आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारे पुजतात. वर्षानुवर्षांचे हळदकुंकू मुठीच्या फटीत आणि ठशाच्या खोलगट अक्षरांत बसलेले असते. व्हिनेगरच्या पहिल्याच अंघोळीत ते जाते.

पण गंजाला हात लावूच नये, असे म्हणणेही टिकत नाही. काही पुरावा गंजाखाली असतो. इंग्लंडच्या जुन्या लाकडी रंध्यांची पाती मऊ लोखंडाची असून टोकाला पोलादाचा पातळ तुकडा भट्टीत जोडलेला असे. धारेचा उतार घासून स्वच्छ केला की दोन धातूंमधली रेघ स्पष्ट दिसते. आपले लोहार कुऱ्हाड किंवा नांगराचा फाळ शेवटताना हेच करतात. पोलाद महाग, लोखंड स्वस्त, म्हणून पोलाद फक्त धारेपुरते. हे अर्थशास्त्र घासल्याशिवाय दिसत नाही. शिवाय हत्यार चालवल्याशिवाय कळत नाही. आपली पारंपरिक करवत ओढताना कापते, विलायती करवत ढकलताना. जमिनीवर बसून, पायाने लाकूड दाबून काम करणाऱ्याला ओढणे सोयीचे आणि उभ्याने बाकावर काम करणाऱ्याला ढकलणे. हा फरक वाचून समजतो, पण दोन्ही करवती हातात घेतल्यावर तो पाठीला आणि खांद्याला समजतो.

म्हणून माझ्या मते धार आणि तळ स्वच्छ करावा, गंज पसरत असेल तेथे थांबवावा, आणि मूठ, ठसे, आद्याक्षरे, जुनी दुरुस्ती यांना हात लावू नये. हिरड्याच्या टॅनिनने गंजाचे स्थिर काळे संयुग होते, टॅनिक आम्लाचा असा वापर वस्तुजतनातही करतात. त्याने चमक येत नाही, पण अक्षरे राहतात. अर्थात कामासाठीच हत्यार घेणाऱ्या सुताराला हा नियम सांगणे उद्धटपणा ठरेल. ते त्याचे पोटाचे साधन आहे.

या पोटाच्या साधनाला कायद्यानेही ओळखले आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे कर्जाच्या हुकूमनाम्यात कारागिराची हत्यारे जप्त करता येत नाहीत. घरातले भांडेकुंडे विकण्याची वेळ आली तरी कारागीर हत्यारांना शक्यतो हात लावत नाही. तेव्हा गुजरीत आलेली हत्यारे एक तर धंदा सुटल्याची, एक तर माणूस गेल्याची, नाहीतर चोरीची. चोरीच्या शक्यतेकडे संग्राहक सोयीने काणाडोळा करतात. नवीकोरी, ताज्या तेलाची, एकाच माणसाची आद्याक्षरे असलेली पेटी निम्म्या भावात मिळत असेल, तर कोणाच्या तरी पोटावर पाय पडलेला असू शकतो.

संग्रहालयांत काय आहे

पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, दिवे, अडकित्ते, कुलुपे, भांडी अशा रोजच्या वस्तू गावोगाव फिरून जमवल्या. लहानपणी वारलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभा केलेला हा वीस हजारांवर वस्तूंचा संग्रह त्यांनी १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाला दिला. घरगुती वस्तूला इतिहासात जागा आहे हे त्यांनी दाखवले. पण तेथेही डोळा रमतो तो नक्षीच्या वस्तूंवर. बंगळुरूजवळ रामनगरला एच. एल. नागेगौडा यांनी उभ्या केलेल्या ‘जानपद लोक’मध्ये ग्रामीण अवजारे आहेत, शहरातल्या विश्वेश्वरय्या संग्रहालयात इंजिने आहेत, एचएमटीच्या वारसा केंद्रात घड्याळे आहेत. गावचा नांगर आणि कारखान्याचे यंत्र यांच्यामध्ये उभा असलेला फिटर, आणि त्याच्या हातातली कानस, यांना अजून पुरेशी जागा नाही.

स्वाध्याय

आपल्या गावच्या जुन्या बाजारातून किंवा घरच्या माळ्यावरून एक हत्यार निवडा. ते पुसण्याआधी दोन्ही बाजूंनी फोटो काढा, लांबी आणि वजन लिहा, प्रत्येक ठसा जसाच्या तसा उतरवून घ्या. मुठीचे लाकूड, झीज, दुरुस्तीच्या खुणा टिपा. विक्रेत्याला ते कोठून आले हे विचारा आणि त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत लिहा, खरे वाटो वा न वाटो. ते हत्यार चालवणारे कोणी भेटले तर त्याला त्यांच्या बोलीत काय म्हणतात ते विचारा : पटाशीला कन्नडमध्ये उळी म्हणतात, करवतीला गरगस. मग ठशांवरून काळाची अलीकडची आणि पलीकडची सीमा ठरवा आणि यांपैकी कोणते विधान वस्तूवरून, कोणते ऐकीव आणि कोणते तुमचा तर्क आहे, हे वेगवेगळे मांडा. गंज त्यानंतर काढा.